सतरा नंबरचा बेडूक

हिरेमठ सर माझ्या ट्रेवर वाकले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाले, "रक्तस्राव झालाय."

मीही वाकून बघितलं. ट्रेमध्ये काळं मेण होतं. मेणात चार कोपऱ्यांना चार टाचण्या टोचलेल्या होत्या. बाकी काही नव्हतं.

"कुठं, सर?"

"कुठं म्हणजे? सगळीकडं. पोटावरची मधली शीर कापलीस तू. आता आतलं काय दिसणार डोंबल? सगळं रक्तानं भरलंय."

"सर, मी अजून कातडीच कापत होते."

"कातडी मघाशीच कापून झाली होती तुझी. मी त्या टेबलावरून बघत होतो."

माझ्या शेजारी तौफिक पठाण उभा होता. त्यानं आपला ट्रे हळूच माझ्यापासून लांब सरकवला. रक्त उडू नये म्हणून, असं त्यानं नंतर सांगितलं.

"चार," हिरेमठ सर कागदावर लिहीत म्हणाले. "वीसपैकी चार. तेपण टाचण्या नीट लावल्यास म्हणून."

मी आमच्या दुधाटे सरांकडे बघितलं. ते खिडकीशी उभे राहून एक स्वच्छ बीकर पुसत होते. तो बीकर सकाळपासून स्वच्छ होता.

या गोष्टीला आता नऊ-दहा वर्षं झाली. अजूनही ते 'चार' आठवलं की माझी कानशिलं तापतात. पण रागावण्याआधी आमच्या शाळेत बेडूक का नव्हता ते सांगायला पाहिजे. म्हणजे, बेडूक होता. तिथूनच सांगते.

मी दहावीत असताना आमच्या गंगाखेडच्या शाळेनं 'प्रगत जीवशास्त्र' नावाचा कोर्स घेतला. परभणीच्या कुठल्याशा परिषदेचा होता. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात ते शाळेतल्या पोरांना शिकवायचं, वर्षाअखेर त्याची वेगळी परीक्षा घ्यायची आणि प्रमाणपत्र द्यायचं. गेटवर बोर्ड लागला, 'आता शाळेतच कॉलेज!' संस्थेचे अध्यक्ष लोमटे साहेब उद्घाटनाच्या भाषणात म्हणाले की आमची मुलं जगाच्या दोन वर्षं पुढे असतील. तौफिक माझ्या कानात म्हणाला, "म्हणजे आपण दहावी नापास झालो तरी बी.एस्सी. पास असणार."

मला मात्र त्या कोर्सातलं एक हवं होतं. परीक्षेत केंद्रात पहिला येणाऱ्याला उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवणार होते. तिथं म्हणे प्रत्येकाला स्वतःचा मायक्रोस्कोप असतो. आमच्याकडे सगळ्यांत मिळून एक होता आणि त्याचा आरसा कुणीतरी दाढीला नेला होता. मोठं स्वप्न वगैरे काही नव्हतं माझं. मला एकदा अशा खोलीत बसायचं होतं जिथं वस्तू खरोखर असतात.

तर, बेडूक. प्रॅक्टिकलमध्ये बेडकाचं डिसेक्शन वीस गुणांना होतं. खरे बेडूक मारणं केव्हाच बंद झालेलं, आणि ते बरंच झालं. परिषदेनं कळवलं की डिसेक्शन प्रतिकृतीवर करावं. मग शाळेनं एक प्रतिकृती मागवली. फार देखणा रबरी बेडूक होता तो. पोट उघडायचं, आत सगळे अवयव वेगवेगळ्या रंगांचे, काढता-घालता येणारे. खोक्यातून निघाला तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "एवढी महागाची वस्तू, पोरं वाट लावतील." तो त्यांच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात, खो-खोच्या ढाली आणि साईबाबांच्या फोटोच्या मध्ये बसवला गेला. कुलूप लागलं. किल्ली लोमटे साहेबांकडे गेली. वर्षभर आम्ही हजेरीपट आणायला गेलो की त्याला बघायचो. तोही आमच्याकडे बघायचा.

मग दुधाटे सरांनी रिकाम्या ट्रेवर शिकवायला सुरुवात केली.

सरांनी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांत अंबाजोगाईला खरे बेडूक कापले होते आणि ते त्यांच्या हातांना पाठ होतं. पहिल्या दिवशी त्यांनी हवेतून काहीतरी मागच्या पायांनी उचललं, निथळू दिलं, ट्रेमध्ये उताणं ठेवलं आणि चार पाय ताणून चार टाचण्या मारल्या. टाचण्या खऱ्या होत्या. मग कात्री घेतली. तीपण खरी. "बघा," ते हळू आवाजात म्हणाले, "चिमटीत कातडी उचलायची. नुसती कातडी. आणि घाई नाही."

मी हसले. सरांनी मला वर्गाबाहेर काढलं. बाहेरून खिडकीतून बघते तर सगळी पोरं टेबलावर वाकलेली, मागची टाचा उंचावून बघायलीत, आणि एकजण दुसऱ्याला म्हणतोय, "डोकं बाजूला कर की, दिसंना झालंय."

हळूहळू सगळ्यांना सवय झाली. आमच्यात रीतीभाती तयार झाल्या. दुसऱ्याच्या ट्रेवर वही ठेवायची नाही. डिसेक्शन झाल्यावर हात धुवायचे. तौफिकनं एकदा चुकून ट्रेवर कोपर टेकवलं तर सर ओरडले, "अरे, आतडी!" तो घाबरून "सॉरी, सॉरी" म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मी एकदा मुद्दाम विचारलं, "सर, माझा बेडूक नर आहे का मादी?" मला वाटलं आता तरी हसतील. सर म्हणाले, "घशाखाली आवाजाच्या पिशव्या आहेत का बघ. नराला असतात." मी बघितल्या. नर होता.

चेष्टा करता करता मी शिकले, हे कबूल केलं पाहिजे. कातडी मधोमध कापायची, पण तिच्याखालचा स्नायूचा थर मधोमध कापायचा नाही, थोडं बाजूनं जायचं. कारण त्या थराला चिकटून मधोमध एक मोठी शीर जाते. ती कापली की सगळा ट्रे लाल होतो आणि परीक्षा संपते. "बाजूनं, कांचन, बाजूनं," सर वर्षभर माझ्या डोक्याशी उभं राहून म्हणायचे. इतकं की मी घरी भाकरी मोडतानापण बाजूनं मोडायला लागले.

म्हणून तर मला राग आला. जगात दुसरी कुठलीही चूक माझ्या हातून झाली असती. ती शीर मी कापणं शक्य नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी एक्स्टर्नल म्हणून हिरेमठ सर आले. बाहेरून परीक्षक आला की त्याचं जेवण संस्थेच्या अध्यक्षांकडे, अशी आमच्याकडे पद्धत आहे. त्यामुळे अकराची परीक्षा जेवणानंतर सुरू झाली. परीक्षकांच्या तोंडात बडीशेप होती. सोळा नंबरला ऋतुराज लोमटे होता, अध्यक्षांचा पुतण्या. त्यानं ट्रे समोर ठेवला, हाताची घडी घातली आणि उभा राहिला. कात्रीला हात नाही, टाचणीला हात नाही. हिरेमठ सर त्याच्यापाशी थांबले, वाकून बघितलं आणि मान डोलावली.

"स्वच्छ काम आहे. एक थेंब सांडला नाही."

वीसपैकी वीस. नंतरचा सतरा नंबर माझा. मग ते चार.

"सर," मी म्हणाले, "कापलेली शीर मला दाखवा."

हिरेमठ सर पुढे निघाले होते, ते थांबले. "माझ्यावर शंका आहे का तुझी?"

"शंका नाही, सर. मला शिकायला मिळेल."

"सर, माझ्या बाजूनं बघितलं तर अखंड दिसायली," तौफिक म्हणाला.

"तू तुझ्या बेडकाकडं लक्ष दे."

तौफिकनं आपल्या ट्रेकडे लक्ष दिलं.

"हे बघ पोरी," हिरेमठ सर म्हणाले, "मान्य नसेल तर फेरतपासणी माग. नियम आहे. नमुना सीलबंद करून ठेवावा लागतो, परभणीला समितीसमोर न्यावा लागतो. जमणार आहे का?"

ते मला घाबरवायला म्हणाले होते हे मला कळलं. माझ्या मागे बारा मुलं ट्रे घेऊन उभी होती, कुणीतरी खुसखुसत होतं, आणि दुधाटे सर अजून तोच बीकर पुसत होते.

"मागते," मी म्हणाले.

आता हिरेमठ सरांना माघार घेता येईना. ते दुधाटे सरांकडे वळले. "घ्या, सील करा."

दुधाटे सरांनी बीकर खाली ठेवला आणि कपाटातून एक काचेची बरणी काढली. फॉर्मॅलिन दिवाळीतच संपलं होतं, म्हणून नळाचं पाणी भरलं. मग ते माझ्या टेबलाशी आले, एकेक करून चार टाचण्या काढल्या, दोन्ही हातांची ओंजळ बेडकाखाली सरकवावी तशी ट्रेमध्ये सरकवली आणि माझा बेडूक उचलून अलगद बरणीत सोडला. पाणी वर आलं नाही. हे माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात आलं नसावं. तोंडाला फडकं बांधलं, त्यावर लाख ओतली, चिठ्ठी चिकटवली: 'बेडूक. नग एक. सीट नंबर सतरा.' दोन्ही सरांनी सह्या केल्या.

दुसऱ्या दिवशी दुधाटे सरांनी मला बोलावून घेतलं. चेहरा काळजीनं उतरलेला.

"कांचन, साध्या पाण्यात ठेवलाय. सुनावणी पुढच्या आठवड्यात. तोवर कुजेल गं."

"मीठ घालू का, सर?"

"तसंच करावं लागेल," सर म्हणाले. सील काढून त्यांनी दोन मुठी मीठ घातलं आणि पुन्हा सील केलं.

घरी अण्णा टेंपो धुत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. आमचे अण्णा मधे बोलत नाहीत. शेवटी नळ बंद करून म्हणाले, "मार्क कापले ते खरे का?"

"हो."

"मग बेडूकपण खराच धर. लढ."

"आणि हरले तर?"

"तर घरी ये. जेवायला आहे."

लेखी परीक्षेचे गुण कळले. मी पहिली होते. प्रॅक्टिकल मिळवल्यावर ऋतुराज पहिला झाला. तौफिकनं हिशोब काढून दिला: वीसपैकी पंधरा मिळाले तर पुण्याची जागा माझी, चौदा मिळाले तर ऋतुराजची. ऋतुराजचा पुण्याला जायचा विचार नव्हता. त्याला सुट्टीत गोव्याला जायचं होतं. पण अध्यक्षांच्या पुतण्यानं दुसरं येणं बरं दिसत नाही, असं मुख्याध्यापिका बाई मला समजावून सांगत होत्या. त्यांच्या खांद्यामागून रबरी बेडूक बघत होता.

परभणीच्या एस.टी.त दुधाटे सर आणि मी तिघांच्या सीटवर बसलो. सर खिडकीशी, मी कडेला, मधे बरणी. सरांनी तिला स्वतःची शाल गुंडाळली होती, हादरे लागू नयेत म्हणून. पोखर्णीच्या थोडं अलीकडे गाडी भरली आणि एक बाई पिशवी घेऊन आमच्यापाशी आली.

"हितं कुणी हाय का?"

"आहे," सर म्हणाले.

बाईनं शाल बघितली, तिच्यातून वर आलेली बरणी बघितली. "काय हाय त्यात?"

"बेडूक."

बाईनं वाकून नीट बघितलं. मग ती माझ्याकडे बघत राहिली, कीव आल्यासारखी. परभणीपर्यंत उभीच आली.

परिषदेचं ऑफिस एका बँकेच्या वर होतं. समिती म्हणजे एकट्या डॉ. गोजरे मॅडम, निवृत्त प्राचार्या, पांढरे केस, करकरीत सुती साडी. एका बाजूला हिरेमठ सर आपली बाजू मांडायला बसलेले. मॅडमनी दुधाटे सरांना खुर्ची दिली. मला कुणी दिली नाही.

मॅडमनी बरणी उचलून उजेडात धरली. फिरवली. पुन्हा धरली.

"यात बेडूक नाहीये," त्या म्हणाल्या.

मला रडू येईल असं वाटलं. वर्षभरात हे वाक्य कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. त्यांच्या पाया पडायचंच बाकी होतं, तेवढ्यात त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कुठाय?"

"मॅडम?"

"बेडूक कुठाय? नमुना सादर करणं ही अर्जदाराची जबाबदारी असते."

"मॅडम, बेडूक नव्हताच."

"मग चार गुण कशाचे दिले?"

"मीपण तेच विचारायला आलेय, मॅडम."

"एक मिनिट," हिरेमठ सर म्हणाले. "परीक्षेच्या वेळी नमुना होता. मी स्वतः तपासलाय, सह्या आहेत दोघांच्या. आता जर नसेल, तर मॅडम, मला बोलायला बरं वाटत नाही, पण ज्याच्या फायद्याचं आहे त्यानंच काढला असणार."

"मी बेडूक चोरला?"

"मी नाव घेतलेलं नाही."

मॅडमनी नियमांचं पुस्तक उघडलं. नमुना गहाळ असल्यास प्रात्यक्षिकाचे शून्य गुण. त्यांनी ते वाचून दाखवलं, आणि आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. म्हणजे माझ्या चारचे शून्य होणार होते. माझ्याजवळ नव्हता तो बेडूक मी चोरला होता, आणि तोही माझाच. मी दुधाटे सरांकडे बघितलं. सर, म्हणा आता. कपाटात कुलपात आहे म्हणा. आम्ही वर्षभर हवा कापली म्हणा.

दुधाटे सर उठले. घसा साफ केला.

"मॅडम, बेडूक आहे."

त्यांनी सील फोडलं, बाह्या दुमडल्या, बरणीत दोन बोटं घातली आणि मागच्या पायांनी धरून बेडूक बाहेर काढला. निथळू दिला. टेबलावर आजचा पेपर होता, त्यावर उताणा ठेवला. मी त्यांना वर्षभर बघितलं होतं, पण त्या दिवशीसारखे हात चालताना बघितले नव्हते. त्यांनी कातडीची एक बाजू उलगडली, मग दुसरी. स्नायूचा पडदा करंगळीनं वर धरला.

"इथून गेलीय कात्री. बाजूनं. आणि ही शीर, ही. बघा तुम्हीच."

मॅडमनी डोळे बारीक केले. खुर्ची पुढे ओढली.

"यकृत फिकट दिसतंय," त्या म्हणाल्या.

"मिठामुळे, मॅडम. फॉर्मॅलिन नव्हतं."

"हं."

हिरेमठ सर उठून पलीकडच्या बाजूनं वाकले. "ही शीर? ही नाही हो, दुधाटे. हा स्नायूचा दोर आहे."

"दोर असा असतो का? असा फुगतो का दोर?"

"बोट काढा, मॅडमना दिसू द्या."

तिन्ही डोकी पेपरवर एकत्र आली. मॅडमनी पेन्सिल घेतली आणि हळूच कशाला तरी सरकवून खाली बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर कसलासा उजेड आला. "किती वर्षांनी," त्या म्हणाल्या. हिरेमठ सर म्हणाले, त्यांच्या कॉलेजात बेडूक पकडून आणायला एक माणूस ठेवला होता, पोत्यातून आणायचा, आणि एकदा पोतं सुटलं तेव्हा प्राचार्य टेबलावर चढले होते. मॅडम हसल्या. दुधाटे सर हसले. मॅडम म्हणाल्या, आमच्या वेळी तर भूल देतानाच निम्मी मुलं बेशुद्ध पडायची. पुन्हा तिघं हसले. मी दाराशी उभी होते. शिपाई चहा घेऊन आला तर मॅडम त्याला म्हणाल्या, "इकडं नको, तिकडं ठेव," आणि हातानं पेपर झाकला.

"बरं, शीर वाचली म्हणू," हिरेमठ सर सैल पडून म्हणाले. "पण पित्ताशय फुटलंय. ते तर नाकारू नका."

"किंचित," दुधाटे सर म्हणाले.

"तर मग दहा देऊ."

"बारा तरी करा हो. मुलगी मेहनती आहे."

"तेरा करा आणि मिटवा," मॅडम म्हणाल्या. "जेवायची वेळ झाली."

तेरा. कुणीही मला विचारलं नाही. पित्ताशय कधी फुटलं ते दुधाटे सरांनीही विचारलं नाही, त्यांनी 'किंचित' म्हणून टाकलं. मॅडमनी पेनचं टोपण काढलं. तेराला ऋतुराज पहिला येत होता आणि गोव्याला जाणार होता. समोरच्या टेबलावर तीन शिकलेली माणसं एका वर्तमानपत्राला घेरून उभी होती आणि त्यांच्यासारखं समाधानी मी कुणाला बघितलं नव्हतं. मला ओरडायचं होतं. पण मला ओरडता येत नाही. मला राग आला की माझा आवाज उलट शांत होतो, आई म्हणते तेव्हा घरातली भांडी उचलून ठेवावीत.

"मॅडम," मी म्हणाले, "तो गेला."

"कोण?"

"बेडूक. आत्ता उडी मारली त्यानं. खिडकीतून."

आणि तिघांनीही खिडकीकडे बघितलं.

नुसती नजर गेली असं नाही. हिरेमठ सर एक पाऊल मागे सरकले. दुधाटे सरांचा हात पेपरकडे झेपावला. गोजरे मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि गजांमधून खाली बघितलं, जिथं एक निळी स्कूटर उभी होती.

वरचा पंखा कुरकुरत होता.

मॅडम सावकाश खाली बसल्या. चष्मा काढून पेपरवर ठेवला, बरोबर जिथं इतका वेळ बेडूक होता तिथं. मग माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच नीट.

"नाव काय तुझं?"

"कांचन फड."

"कांचन, तुमच्या शाळेत प्रतिकृती आहे का?"

"आहे, मॅडम. कपाटात आहे. कुलपात."

मॅडमनी मान हलवली. पेननं आधीचं काहीतरी खोडलं. "प्रात्यक्षिकाचे गुण धरायचे नाहीत. या केंद्रातल्या कुणाचेच नाहीत. यादी लेखीवर करा."

"मॅडम, नियमात असं कुठं—" हिरेमठ सर म्हणाले.

"हिरेमठ, तुम्ही खिडकीकडं बघितलंत."

"मॅडम, तुम्हीपण बघितलंत."

"म्हणूनच," मॅडम म्हणाल्या आणि सही केली.

म्हणजे मी जिंकले. पुण्याला गेले, महिनाभर राहिले, मायक्रोस्कोप मिळाला, त्याला आरसा होता. ते सगळं झालं. पण मी सांगायला बसले होते ते परतीच्या एस.टी.चं.

तीच तिघांची सीट मिळाली. सर खिडकीशी, मी कडेला, मधे शालीत बरणी. मिठाचं पाणी तसंच होतं तिच्यात. सरांनी ओतून दिलं नव्हतं. गाडी निघाली. सर एकदम म्हणाले, "उडी मारली म्हणालीस तेव्हा मीपण बघितलं गं."

"मला दिसलं, सर."

"मजाच झाली."

"हो, सर."

सर शालीचं टोक नीट करत राहिले. "पण एक सांगतो. तू शीर कापली नव्हतीस. मी बघत होतो ना. बाजूनंच गेली होतीस, अगदी व्यवस्थित. माझ्या इतक्या वर्षांत असा हात बघितला नाही."

"कधी बघितलं, सर?"

"परीक्षेच्या दिवशी."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"मग बोलला का नाहीत?"

"एक्स्टर्नल होते गं," सर म्हणाले. गाडी खड्ड्यातून गेली, त्यांनी बरणीवर हात ठेवला. "आणि लोमटे साहेबांकडं जेवून आले होते. त्या दिवशी काय बोलणार? पण आज बोललो की नाही?"

"आज तुम्ही बेडकाबद्दल बोललात, सर."

पोखर्णीला गाडी थांबली, माणसं चढली. एक म्हातारे बाबा काठी टेकत आमच्या सीटपाशी आले. दोन्ही सीटांच्या मधल्या गर्दीत त्यांना धड उभं राहता येईना.

"इथं कुणी बसलंय का?"

सरांनी तोंड उघडलं. मी शालीसकट बरणी उचलली आणि खाली पायाशी ठेवली.

"कुणी नाही, बाबा," मी म्हणाले. "बसा."

बाबा बसले. सर गंगाखेड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मी खिडकीकडे बघितलं नाही.